दवणा बाटलीत बसतो का?

चैत्र संपला की मला दरवर्षी एक बारीक चुटपुट लागते. जोतिबाची यात्रा होते, वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालानं न्हातो, सासनकाठ्या आपापल्या गावी परततात. आणि देवाला वाहून घरी आणलेली दवण्याची जुडी देवघरात चार दिवसांत मान टाकते. वाळलेला दवणा मी साड्यांच्या घडीत ठेवते. वास राहतो, नाही असं नाही, पण तो हळूहळू गवताकडे झुकतो. ओल्या दवण्याचा तो गोडसर, थोडा झोंबणारा, फळासारखा वास पुढं अकरा महिने नाही.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सव्वीस वर्षं ब्युरेट धुतल्यात आणि पोरांनी सांडलेलं निस्तरलंय. म्हणजे मोजमाप, गाळणं, तापवणं हे हातात बसलेलं. २०२३ च्या चैत्रात मनात आलं, आपल्याला एवढं येतंय तर दवणा बाटलीत का भरू नये? त्यातून हा अत्तराचा नाद लागला. आता कपाटाचा खालचा कप्पा बाटल्यांचा आहे आणि घरचे त्याला ‘आईची लॅब’ म्हणतात.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरातला. मोठं पातेलं, तळाला थोडं पाणी, मध्ये एक जड वाटी, भोवती दवण्याच्या दोन जुड्या कापून. वर झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ आत वाटीकडे येते, आणि झाकणावर बर्फ. मंद आच. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून पाणी होते आणि मुठीवरून थेंब थेंब वाटीत पडते. पाऊण तासात अर्धा कप पाणी जमलं. वास सुरेख! पण पाणी ते पाणीच. त्यावर तेलाचा जेमतेम तवंग, उजेडाला धरलं तर दिसणारा. फ्रीजमध्ये आठवडाभर तोंडाला लावलं आणि संपलं. दवण्यात तेलच इतकं कमी की जुड्यांवर भागत नाही, गाडीभर लागतो. कुणी म्हणेल कुकरला नळी जोडून बघा. बघू नका. शिट्टीच्या जागी नळी बसवली, ती पाल्यानं तुंबली, की तो कुकर राहत नाही, बॉम्ब होतो.

मग तयार तेल मागवलं. दवण्याची शेती कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू या भागांत होते, तिथं वाफेवर तेल काढतात. ५ मिलिला सातशे रुपये मोजले. बाटली उघडली आणि तोंडच पडलं. हा दवणा? जुने मनुके, जॅम आणि कुठंतरी दारूच्या पिंपाचा वास. मला वाटलं फसवलं. रागानं बाटली बंद करून ठेवली. दोन दिवसांनी त्याच ड्रॉपरनं बदामाचं तेल काढलं. ड्रॉपर नीट धुतला नव्हता (मी पोरांना यावरून ओरडते). आणि त्या बदामतेलाला जोतिबाच्या पायरीवरचा वास! तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेल शंभरात एक एवढं पातळ केलं की दवणा दवण्यासारखा बोलतो. निव्वळ तेल म्हणजे कानाशी वाजवलेली हलगी, चार घरं लांबून ऐकली तरच ताल कळतो. तेव्हापासून कुठलंही नवं तेल मी आधी एक टक्का करून हुंगते.

हुंगण्याच्या पट्ट्या विकत मिळतात, पण ड्रॉइंग पेपरच्या कापल्या तरी चालतात. बोटभर रुंद, टोकाला पेन्सिलीनं नाव आणि वेळ. टोकाला तेल लावल्याबरोबर एकदा हुंगायचं, पंधरा मिनिटांनी एकदा, दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. नारिंगीचं तेल तासाभरात पट्टीवरून गायब होतं. रोशा नावाच्या सुवासिक गवताचं तेल तीन-चार तास टिकतं. वाळा दुसऱ्या दिवशीच काय, चौथ्या दिवशीही तिथंच बसलेला असतो. कारण सरळ आहे: लहान, हलके रेणू आधी उडतात आणि जड रेणू मागं राहतात. पुस्तकात याला टॉप, मिडल आणि बेस अशी तीन नावं आहेत. मी माझ्या वहीत ‘येणारे, बसणारे, मुक्कामी’ असं लिहिते. नाक थकलं की स्वतःच्या कोपराची खळगी हुंगायची. आपल्या अंगाचा वास नाकाला शून्य असतो.

आता एक तक्रार. फुलांच्या नावानं जे विकतात त्यातलं किती खरं असतं? सुरुवातीला मी एका दुकानातून मोगरा, सोनचाफा आणि बकुळ अशी तीन ‘शुद्ध एसेन्शियल ऑइल’ घेतली, दीड-दीडशे रुपयांना. तिन्हींचा वास वेगळा, पण तिन्हींच्या मागं तीच गुळगुळीत, साबणासारखी गोडी. मग वाचत गेले. मोगऱ्या-जाईजुईचं तेल वाफेवर निघतच नाही असं धरून चाला, उष्णतेनं तो वास मोडतो. तमिळनाडूत मदुराईच्या बाजूला फुलं हेक्झेनमध्ये, म्हणजे पेट्रोलजातीच्या द्रावकात, भिजवून आधी मेणासारखा गोळा काढतात, मग तो अल्कोहोलनं धुऊन ‘ॲब्सोल्यूट’ मिळतं. त्याची किंमत किलोला लाखांत. गुलाबाचं तर किलोभर तेलाला तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. हा हिशेब केला की दीडशे रुपयांच्या बाटलीत काय असणार ते कळतं. कृत्रिम वासाला माझी ना नाही. उदबत्ती लावतोच की आपण. पण मग तसं लिहा. तेव्हापासून मी फुलांच्या वाटेला जात नाही. मुळं, पानं, लाकूड, साली आणि गवतं, घरगुती अत्तराचा जीव यांत आहे.

अपवाद एकच, मोगरा, आणि तो मी डालड्यात केला. हसू नका. मोगऱ्याची कळी तोडल्यावरही जिवंत असते. दुपारी घेतलेल्या कळ्या रात्री उमलतात आणि उमलताना तासन्‌तास वास सोडत राहतात. तो वास चरबी शोषून घेते. फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावी पूर्वी काचेवर चरबी थापून त्यावर फुलं मांडायचे. आपल्याकडे तिळाचे आणि फुलांचे थर द्यायचे, फुलं रोज बदलायची आणि मग ते तीळ घाण्याला लावायचे, त्याला फुलेल म्हणतात. मला खोबरेल वापरायचं होतं, पण ते २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मोगरा येतो एप्रिल-मेमध्ये. म्हणून वनस्पती तूप. स्टीलच्या दोन ताटांना अर्धा बोट थर दिला आणि त्यात सुरीनं चौकटी ओढल्या. कपिलतीर्थ मार्केटातून सांजेला पावशेर कळ्या आणल्या, देठं खुडली आणि एकेक कळी तोंड खाली करून मांडली. ताटावर ताट उपडं घातलं, कडेला ओला नाही, कोरडा फडका गुंडाळला. दुसऱ्या सांजेला कळ्या वेचायच्या आणि ताज्या मांडायच्या.

पहिल्या खेपेला गावी जावं लागलं आणि कळ्या तीन दिवस तशाच राहिल्या. ताट उघडलं तर गटार. सगळं फेकलं. दुसऱ्या खेपेला बारा दिवस नेमानं केलं. नवव्या दिवशी आमच्या ह्यांनी त्यातला चमचाभर डालडा शंकरपाळ्यांचं मोहन म्हणून पोरीला दिला. ताटात पांढरं ते डालडाच, त्यांचं काय चुकलं? शंकरपाळ्या झाल्या. खाल्ल्या. तोंडात गजरा चघळल्यासारखं वाटत होतं. उरलेल्या डालड्याला बाराव्या दिवशी जो वास होता, तो मात्र बाजारातल्या कुठल्याच बाटलीला नाही. थोडं मधमाश्यांचं मेण वितळवून त्यात तो कालवला आणि डबीत ओतला. रुमालाला, मनगटाला लावते. पण पुन्हा करीन का? पुढच्या उन्हाळ्यात बघू.

अल्कोहोलचं सगळे विचारतात. बाजारचा स्प्रे अल्कोहोलमध्येच असतो, अंगावर पडला की उडतो आणि वास चहूकडे फेकतो. पण चांगलं इथेनॉल सुट्टं मिळत नाही, त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. प्रयोगशाळेतलं स्पिरिट घरी आणायचं नाही. एक तर ते सरकारी हिशेबाचं, दुसरं म्हणजे विकृत केलेल्या, म्हणजे पिता येऊ नये म्हणून मुद्दाम मिसळ केलेल्या, स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं आणि ते कातडीतूनही अंगात जातं. सॅनिटायझरमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला स्वतःचा दवाखान्यासारखा वास, त्यात दवणा बुडून मरतो. म्हणून मी जोजोबा वापरते. त्याला तेल म्हणतात, पण ते पातळ मेण आहे. बदामतेलासारखं खवट होत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. मात्र त्यात वास दूर जात नाही, शेजारी बसलेल्यालाच येतो. बसमध्ये बसल्यावर मला तेच बरं वाटतं.

आणि थेंब मोजू नका. इंटरनेटवर सगळीकडे ‘दहा थेंब हे, पाच थेंब ते’. माझ्या ड्रॉपरनं नारिंगीचे वीस थेंब ०.४६ ग्रॅम भरले आणि वाळ्याचे वीस थेंब ०.६६. वाळा काकवीसारखा घट्ट, त्याचा थेंब टपोरा. पुढच्या वेळी ड्रॉपर बदलला की सगळं गणित ढळतं. मी गुजरीतून सोनारांचा छोटा काटा आणला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. दुकानदार म्हणाला, “काय तोलणार वैनी, सोनं?” म्हटलं, “वास.” त्यानं काटा खोक्यात घालेपर्यंत दोनदा माझ्या तोंडाकडं पाहिलं.

तोलायला शिकण्याआधी एक उद्योग झाला होता, तो सांगायलाच हवा. मला बर्गमॉट आवडला. ते इटलीतल्या कॅलाब्रियाकडचं लिंबाच्या जातीचं फळ, सालीचं तेल दाबून काढतात. अर्ल ग्रे चहाला तोच वास असतो. मी अंदाजानं ओतून जे मिश्रण केलं त्यात नंतर हिशेब केला तर बर्गमॉट पाच टक्के होतं. मानेला दोन्ही बाजूंनी बोट ओढलं आणि स्कूटरवरून भर दुपारी पन्हाळ्याला गेले. दुसऱ्या दिवशी मान लाल, आठवड्यानं तांबूस-काळे दोन पट्टे, बोट जिथून ओढलं अगदी तिथूनच. कातडीच्या डॉक्टरांनी बघता क्षणी विचारलं, “अत्तर लावता का?” बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. अंगावर राहणाऱ्या गोष्टीत ते तेल ०.४ टक्क्याच्या वर नको, अशी सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. मी बारा पट घातलं होतं. पट्टे जायला पाच महिने लागले, तोवर पदर मानेभोवती. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाचंही तसंच. गोड नारिंगीला हा दोष नाही, म्हणून आता तीच. दालचिनीच्या सालीच्या तेलाला मी हातच लावत नाही, आणि लवंग घातली तर काट्याला जेमतेम जाणवेल इतकीच. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, असं कुणी म्हणालं की मी मान दाखवायचे.

आणखी एक, लिंबूवर्गीय तेलं फ्रीजमध्ये ठेवा. हवा लागून जुनी झालेली तेलं कातडीला चावतात.

माझ्याकडे तेलांच्या सोळा बाटल्या झाल्या त्या दिवशी एक मजा वाचनात आली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्ती नावाचा अध्याय आहे. त्यात तो सोळा द्रव्यं घेतो आणि सांगतो की यातली चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. बरोबर १८२०! वर तो प्रमाणं बदलून आकडा पावणेदोन लाखांच्या घरात नेतो. आणि ‘गंधवाद’ नावाच्या एका संस्कृत ग्रंथावर चक्क जुन्या मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी ती उजेडात आणली. म्हणजे आपल्या भाषेत कुणीतरी बसून वासाच्या कृती समजावून सांगत होतं. आपण मात्र यूट्यूबवर कुठल्यातरी गोऱ्या बाईला ‘जस्ट ॲड ट्वेंटी ड्रॉप्स’ म्हणताना बघतो.

बाटल्यांमधली माझी लाडकी म्हणजे रोशाचं तेल. खानदेशात ज्याला रोशा किंवा तिखाडी म्हणतात ते गवत. वास गुलाबाचा, पण गवतावर बसलेल्या गुलाबाचा. पूर्वी हे तेल खानदेशातून मुंबईला आणि तिथून जहाजानं तुर्कस्तानकडे जायचं, आणि तिकडं गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं. युरोपात त्याचं नाव पडलं टर्किश जिरेनियम! धुळ्याकडच्या माळावरचं गवत तुर्की नावानं पॅरिसला. लाखमोलाच्या गुलाबाऐवजी मी सरळ रोशाच घालते, भेसळ म्हणून नाही, त्याच्याच नावानं.

दुसरी बाटली ‘पाच’ नावाच्या सुवासिक झाडाच्या तेलाची. परदेशी पुस्तकांत पॅचौली म्हणून जो बडेजाव आहे तो आपल्या पाचेच्या जातीचाच. आजोळी विहिरीजवळ पाच असायची आणि मावशी वेणीत घालायची. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या घड्यांत हा पाला घालून त्या युरोपला पाठवत, कसर लागू नये म्हणून. पुढं तिकडच्या लोकांना पाल्याचा वास आला तरच शाल खरी वाटायची. तेल दाट, मातकट. जरा जास्त झालं की जुन्या ट्रंकेत डोकं घातल्यासारखं होतं.

चंदन नाही घेतलं. खरं परवडत नाही आणि परवडेल ते खरं नसतं. त्याच्या जागी हिमालयातल्या देवदाराचं तेल. चंदन नव्हे ते, पण लाकूड आहे.

तर सध्याची कृती, माझं दहाव्या क्रमांकाचं मिश्रण, सगळं ग्रॅममध्ये: वाळा ०.४०, देवदार ०.३०, नारिंगी ०.३०, रोशा ०.२५, पाच ०.१०, दवणा ०.१०, वेलदोडा ०.०५. झाले दीड ग्रॅम. त्यावर जोजोबा साडेआठ ग्रॅम, म्हणजे पंधरा टक्क्यांचं अत्तर. आधी मुक्कामी तेलं बाटलीत, मग बसणारी, शेवटी येणारी. आणि प्रत्येक तेल घातल्यावर वहीत आकडा, आठवणीवर भरवसा नाही. तेलं एकमेकांत मुरायला चार आठवडे द्यायचे. पहिल्या दिवशी मिश्रणात प्रत्येक जण आपला-आपला ओरडत असतो. पंधरा दिवसांनी नारिंगी कुठं संपते आणि रोशा कुठं सुरू होतो ते सांगता येईनासं होतं. तपकिरी काचेची रोलवाली बाटली, मास्किंग टेपवर तारीख. हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायचं, खाज नाही ना बघायचं, मगच मान.

दवण्याबद्दल असं म्हणतात की तो प्रत्येकाच्या अंगावर वेगळा लागतो. आमच्या घरात तरी ते खरं ठरलं. माझ्या मनगटावर दहा नंबर वाळ्याकडे जातो, थोडा थंड. पोरीच्या हातावर तोच पिकलेल्या जर्दाळूसारखा. ह्यांच्या हातावर काहीच नाही, फक्त देवदार. ते म्हणाले, “सुताराकडून आल्यासारखं वाटतंय.”

राहिल्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीसेक चैत्र जोतिबाला चालत गेलेल्या. परीक्षा त्यांच्यापाशीच. मुरलेलं अत्तर मी कापसाच्या फायाला लावून दिलं आणि दवण्याचं नाव काढलं नाही. त्यांनी फाया नाकाशी नेला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कानाच्या पाळीच्या वर, जिथं अत्तराचा फाया ठेवायची जुनी पद्धत आहे, तिथं खोचला.

“कशाचा वास येतोय आत्या?”

“दवणा हाय.”

माझ्या चेहऱ्यावर हसू आलेलं त्यांनी पाहिलं असणार.

“दवणा हाय, खरं दुकानातला. देवाच्या दवण्याला जरा हिरवं असतंय. ह्यो लई गोड झालाय.”

बरोबर आहे त्यांचं. अकरा नंबरमध्ये दवणा ०.१० वरून ०.०६ वर आणलाय, आणि ०.०४ मरव्याचं तेल घातलंय, हिरव्यासाठी. कालच बाटली बंद केली. चार आठवड्यांनी उघडायची.